सरकीतली अंडी

सरूबाई गेल्याचं पोस्टकार्ड मला अकोल्याला मिळालं, तेव्हा तिचं तेरावं होऊन दोन दिवस झाले होते. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचण्याआधीच काय ते कळलं, फक्त कोण ते कळायचं होतं. तिच्या थोरल्या मुलाने चारच ओळी लिहिल्या होत्या. आई गेली, त्रास झाला नाही, शेवटपर्यंत बोलत होती, आणि तुमच्यासाठी एक टोपली ठेवून गेली आहे, अमरावतीला आलात की घेऊन जावी. मी कार्ड टेबलावर ठेवलं, घड्याळाला किल्ली दिली, दूध तापवलं. माझी कामं वेळच्या वेळी करण्याची सवय तुम्हाला माहीत आहे. दूध उतू गेलं. माझ्याकडून दूध उतू गेल्याला कितीतरी वर्षं झाली असतील...

निखिल आणि रेवा, हे मी मुख्यतः तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे, बाकीच्या वाचकांनी सोबत बसून ऐकावं. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही कॅनडाहून फोन करून मला विचारलं होतं, की तळ्यातून वल्हवत जायचं, चार दिवस तंबूत राहायचं, तर अंडी आणि टोमॅटो फुटू न देता कसे न्यायचे. तुमच्या प्लास्टिकच्या डब्यात अर्धी अंडी फुटली होती. मी तुम्हाला सांगितलं, की अंडं निमुळतं टोक खाली करून उभं ठेवा, एक दुसऱ्याला लागू देऊ नका, मधे मऊ काहीतरी ठासा पण दाबू नका, आणि भरून झालं की डबा कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला तर सगळं काढून पुन्हा भरा. रेवा म्हणाली, "आजी, तुला हे कसं माहीत? तू कधी कँपिंगला गेली होतीस?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर मोठं होतं आणि फोन महाग होता. ते उत्तर आज देते.

आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. दिवाळीनंतर त्यांचा दौरा सुरू व्हायचा. कुठे पुलाची मोजणी, कुठे रस्त्याची, आणि महिना महिना तंबूत मुक्काम. खेड्यात भाजी मिळेलच असं नसे, म्हणून दर पंधरवड्याला अमरावतीहून बैलगाडीने त्यांचा शिधा जायचा. पीठ, डाळ, तांदूळ कोणीही भरेल. पण पिकलेले टोमॅटो, पपई, केळी, मडक्यातलं दही हे सगळं खडकाळ वाटेने तीस-तीस मैल न्यायचं काम सरूबाईचं. ती वडाळीच्या वाटेवरच्या मळ्यातली माळीण. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, उंच, सावळी, बोलायला फटकळ. रोज सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आमच्याकडे भाजी घालायची. तिने भरलेल्या टोपलीतलं काही फुटलं असं मी ऐकलं नव्हतं. ती तळाला सरकी पसरायची. कापसातून रुई काढल्यावर उरतं ते बी म्हणजे सरकी. त्यावर अजून केसासारखी बारीक लव असते, त्यामुळे ती घसरत नाही आणि बोचतही नाही. वर एकेक फळ असं बसवायची, की जणू ते तिथेच उगवलं आहे. मग टोपली उचलून कानाशी धरायची, डोळे मिटायची आणि हलवायची. "टोपलं वाजलं नाई पाह्यजे, मालूबाई," ती मला म्हणायची. "वाजलं का समजून घेजो, आत मारामारी चालू हाय."

मी बारा वर्षांची होते त्या वर्षी नाना वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर मुक्कामाला होते आणि तिथेच त्यांना विषमज्वर झाला. आई तातडीने तिकडे गेली. घरी मी, धाकटा भाऊ आणि आत्या. आत्या नानांची थोरली बहीण, बालविधवा, सोवळ्याची कडक. तिसऱ्या आठवड्यात तंबूवरून शिपाई आला. त्याच्याजवळ आईची चिठ्ठी होती आणि तिवशाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली यादी. आईने लिहिलं होतं, की नानांना हलवता येत नाही, गाडीच्या हादऱ्याने आतडं फुटायची भीती आहे. दूध पोटात ठरत नाही. यादीतलं सगळं लगेच पाठवा आणि मालूला पाठवा, पाणी उकळायला आणि जवळ बसायला हात हवेत.

घरात इंग्रजी मला एकटीलाच येत होतं. आत्या समोर बसली, मी यादी वाचायला लागले. मोसंबी, बार्ली, लिंबं... चौथ्या ओळीवर मी थांबले. दोन डझन अंडी. खाली लिहिलं होतं, की अंड्यातलं फक्त पांढरं घ्यायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायचं, गाळायचं, आणि दर तासाला चमचा चमचा द्यायचं. सध्या ताकद टिकवायला पेशंटला एवढंच चालेल, याखाली डॉक्टरांनी दोनदा रेघ मारली होती. त्या भागात कोंबड्यांना मर लागली होती, तिवशापासून नदीपलीकडच्या गावांपर्यंत अंडं म्हणून मिळत नव्हतं.

"थांबलीस का? पुढे काय आहे?" आत्याने विचारलं.

"सरकी," मी म्हटलं. कुठून सुचलं कोण जाणे, समोर अंगणात सरूबाई टोपलीत सरकी पसरत होती म्हणून असेल. "एक पोतं सरकी."

आमच्या घरातून अंडी न्यायला आत्याकडून परवानगी मिळाली नसतीच, असं मला तेव्हा ठामपणे वाटत होतं. मी सरूबाईला मागच्या दारी बोलावून खरं सांगितलं. तिने हाताला चिकटलेली सरकी झटकली. मग म्हणाली, "अंड्याले घर लागते, मालूबाई. पोतं म्हंजे काही घर नोहे." पण उघड्या टोपलीतून अंडी अंगणातून नेता येणार नव्हती. तिने मळ्याशेजारच्या दोन-तीन घरांतून ताजी चोवीस अंडी गोळा केली, मळ्यातच अर्धं पोतं सरकी भरली, मधे अंडी बसवली, वर पुन्हा सरकी टाकली आणि तोंड सुतळीने बांधून पोतं बाळासारखं कडेवर घेऊन आली. ती माझ्याबरोबर येणार होती. मी म्हटलं, मोटारलॉरीने जाऊ या, नाना आजारी आहेत, गाडीला दीड दिवस लागेल. "लॉरीत अंड्याचं कालवण होते," ती म्हणाली. "सकाळी पोचून फुटके टरफलं देशीन काय तुह्या बापाले?" आणि मग हळूच, "एक काम तुह्याकडं. शामरावले सांगून ठेवजो, या पोत्याले हात लावू नोको म्हणून."

शामराव आमचा गाडीवान. मी सांगणार होतेच. पण गाडी भरताना आत्या स्वतः ओट्यावर उभी राहिली. मी मराठीत नीट उतरवून ठेवलेली यादी तिच्या हातात होती, आणि एकेक जिन्नस ती मोठ्याने वाचत होती. मोसंबी चढली, बार्ली चढली. शेवटी ती म्हणाली, "आणि शामराव, ही सरकी. बैलांना वाटेत लागेल." शामरावने मान हलवली. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, वाटेत सांगू.

वाटेत सांगितलं नाही. याला कारण काही नाही, मुलांनो. नांदगाव पेठेला बाजार भरला होता, त्यात मी रमले. मग झोप आली. मुक्कामाला शामरावने बैलांपुढे कडबा टाकला, सरकी त्याने नदीपर्यंतच्या खराब वाटेसाठी राखून ठेवली होती. म्हणजे मला आणखी एक रात्र मिळाली होती. मी तीही घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिवशाला गाडी सोडली. सरूबाई औषधाची बाटली आणायला दवाखान्यात गेली. मी गाडीत पडून होते. सुतळी सुटल्याचा आवाज मी ऐकला, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरायला एक क्षण उशीर झाला. शामरावने सरकी भिजवायला घमेलं मांडलं होतं आणि पोतं उचलून त्यात उपडं केलं. सरकीच्या खळखळीत दुसराच एक आवाज आला. मी उठून पाहिलं तर पिवळं पाणी सरकीतून झिरपत होतं आणि एक बैल मान पुढे काढून वास घेत होता.

सरूबाई आली तेव्हा शामराव घमेल्यासमोर उकिडवा बसला होता. "मले काय माहीत, बाई," तो म्हणाला. "घरच्या बाईसायबांनी बैलासाठीच हाय म्हणून सांगतलं. अंडे हायेत म्हणून कोनी सांगतलंच नाई मले."

सरूबाईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी तिच्या नजरेतून बाजूला व्हायला जागा शोधत होते. मग ती शामरावला म्हणाली, "माह्याकडूनच सांगाचं राह्यलं." आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हात सरकीत घालून चाचपायला लागली. चोवीसांतली नऊ निघाली. ती तिने लुगड्याच्या पदराला एकेक पुसून ओटीत घेतली. घमेल्यात उरलेल्या सरकीला बलक लागला होता, ती चिकट झाली होती, पुन्हा वापरण्यासारखी नव्हती. गावात अंडं नव्हतं. अमरावतीला परत जाऊन यायला तीन दिवस लागले असते, आणि डॉक्टर दवाखान्यात तिला सांगून चुकले होते, की कालपासून पेशंटच्या पोटात काहीच नाही.

आणि दिवस मावळल्यावर नदीवरचे भोई डोंगा सोडत नसत. मावळायच्या आत नदी गाठायची होती.

तिवसा सोडल्यावर नदीकडे जाणारी वाट म्हणजे नुसती चाकोरी. सरूबाई गाडीत मांडी घालून ओटी दोन्ही हातांनी उचलून धरून बसली होती, प्रत्येक धक्क्याला तिचे खांदे वर जात आणि हळूहळू खाली येत. एका नाल्यात चाक आदळलं. ती नुसती म्हणाली, "गेलं एक." ओल पदरातून खाली उतरत होती. "थांबव, शामराव. असं आपुन नदीपाशी रिकामेच पोचतो."

दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, बोंडं नुकतीच फुटली होती. सरूबाईने आठही अंडी माझ्या परकराच्या ओच्यात दिली, मोसंब्यांची टोपली गाडीत रिकामी केली आणि ती घेऊन शेतात शिरली. पहिल्या बोंडाला हात घातला तोच धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आवाज आला.

"कोन हाय वं? हात नोको लावू."

शेताची मालकीण होती. हातात विळा, डोक्यावर पदर. ती धावत नव्हती, पण थांबतही नव्हती. "काहून तोडून राहिली? सीतादही व्हाची हाय अजून. उद्या हाय."

सीतादही म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे कापसाची पहिली वेचणी करण्याआधी शेतात दगड मांडून, झाडाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवून पूजा करतात. त्याआधी एक बोंडसुद्धा तोडत नाहीत. परक्याने तर नाहीच. त्या बाईच्या घरच्या वर्षभराच्या पिकाचा प्रश्न होता, आणि सरूबाई स्वतः मळ्यातली असल्यामुळे तिला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने हात मागे घेतला. हुज्जत घातली नाही. मला म्हणाली, "इकडं ये. दाखव."

मी गाडीतून उतरून ओच्यातली अंडी दाखवली. मालकिणीने पाहिलं. "हे काय?"

"हिचा बाप हाय नदीपल्याड," सरूबाई म्हणाली. "तापानं पडेल हाय. याच्याशिवाय पोटात काही ठरत नाई त्याच्या. दोन डझन होते. आठ राह्यले. नदीपर्यंत कापूस पाह्यजे, मंग तुहा कापूस तुले वापस."

त्या बाईने विळा दुसऱ्या हातात घेतला. उन्हं तिरकी झाली होती. शामरावने गाडीतून नदीच्या दिशेला पाहिलं आणि पुन्हा आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ही नाही म्हणणार. मी त्या वेळी मनात म्हणत होते, की हिने नाही म्हटलं तर मी सगळं कबूल करीन, जणू माझ्या कबुलीने कापूस मिळणार होता...

"न्याहारीतलं दही उरलं हाय माह्याजवळ," मालकीण एकदम म्हणाली. "भात नाई. भाकर हाय."

"चालते देवीले," सरूबाई म्हणाली.

"तुले काय मालूम काय चालते अन् काय नाई?" ती फणकारली. पण बोलता बोलता तिने धुऱ्यावरून पाच दगड उचलले होते. एका झाडाच्या बुडाशी ते मांडले, त्यांच्यापुढे दही आणि भाकरीचा तुकडा ठेवला, हात जोडले. आम्ही तिघांनीही जोडले, शामरावने गाडीतूनच. मग तिने स्वतः पहिलं बोंड वेचलं आणि तो कापूस सरूबाईच्या टोपलीत टाकला. "घे आता. अन् वापस नोको देऊ. देवाच्या नावानं गेला."

दोघींनी मिळून वेचायला सुरुवात केली. असा ताजा, सरकीसकट कापूस तुम्ही हातात घेतला नसेल. दाबला की पुन्हा फुगतो. सरूबाईने आठ अंडी आठ घरट्यांत बसवली, वर कापूस दिला, टोपली कानाशी धरली, डोळे मिटले आणि हलवली. काही वाजलं नाही. मालकिणीनेही टोपली मागून घेतली, तसंच कानाशी धरून पाहिलं आणि मान डोलावली.

नदीवर पोचलो तेव्हा भोई डोंगा ओढून काठावर घेत होता. अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेला तो डोंगा, तुमच्या नावेसारखाच लांब आणि अरुंद, पण निम्म्याहून जास्त पाण्यात. तळाला बोटभर पाणी साचलेलं. "आता नाई," भोई म्हणाला. सरूबाईने सूर्याकडे बोट दाखवलं. "तो हाय ना अजून? मंग तू काहून चालला घरी?" तो हसला आणि डोंगा पुन्हा पाण्यात लोटला.

तिने मला मधोमध बसवलं आणि टोपली माझ्या मांडीवर दिली. ती स्वतः का धरत नाही हे मी विचारलं. "मी जड हाय. मी मागं बसून तोल धरतो. तू हलकी हायेस." मग वाकून अगदी जवळून म्हणाली, "मांडी अन् टोपलं याच्या मधात हात ठेव. आपलं हाड त्याले नोको लागू देऊ. अन् पाण्याकडं पाहू नोको, टोपल्याकडं पाह्य." धारेत शिरल्यावर डोंगा एका बाजूला कलला, भोई ओरडला, हलू नका. पाणी काठावरून आत आलं आणि माझा परकर भिजला. मी टोपल्याकडे पाहत राहिले. कापसात एक वाळलेली पाकळी अडकली होती, ती मला आजही आठवते. हात कापले नाहीत. त्या दिवशी मी फक्त एवढी एक गोष्ट नीट केली.

आठही पोचली.

आईने टोपली उघडली, अंडी मोजली, आणि विचारलं, "दोन डझन सांगितली होती ना? बाकीची?" मी तंबूच्या दोरीला धरून उभी होते. सरूबाई म्हणाली, "शामरावले सांगाचं राह्यलं माह्याकडून, बाई. बैलाची सरकी म्हणून त्यानं वतली." आई आठ दिवस झोपली नव्हती. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत आजच विसरायचं होतं तुला?" सरूबाईने मान खाली घातली आणि चूल पेटवायला गेली. मी तरीही गप्प राहिले.

रोज दोन याप्रमाणे ती आठ अंडी चार दिवस पुरली. पहिल्या दिवशी दर तासाला एक चमचा, तोही अर्धा बाहेर यायचा. मी पाणी उकळायचे, गार करायचे, गाळायचे, वेळ वहीत लिहायचे. तिसऱ्या दिवशी नानांनी चमचा संपल्यावर तोंड पुन्हा उघडलं. चौथ्या दिवशी, सगळं संपलं तेव्हा, शामरावने अमरावतीहून सरकीत भरलेल्या अंड्यांचं दुसरं पोतं आणलं. ते पोतं आत्याने स्वतः शिवून दिलं होतं. शामराव आईला म्हणाला, की मी घरी सगळं सांगून टाकलं, बाईसाहेबांनी काहीच विचारलं नाही. फक्त निघताना म्हणाल्या, यातलं बैलांना द्यायचं नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी मी सगळं केलं, ती भीती मी एकटीनेच बाळगली होती.

नाना बरे झाले, पुढे पुष्कळ वर्षं जगले. टोपल्या जात राहिल्या. पण त्यानंतर प्रत्येक वेळी गाडी निघताना आई विचारायची, "सरू, शामरावला सांगितलंस ना?" आणि सरूबाई म्हणायची, "सांगतलं, बाई." आधी कधी तिला कोणी असं विचारत नसे. मी तिथे उभी असायचे. लग्न होऊन अकोल्याला येईपर्यंत हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल... आई गेली, तेव्हाही तिला खरं माहीत नव्हतं.

या वर्षी संक्रांतीनंतर मी अमरावतीला सरूबाईकडे गेले. तिला दिसत नव्हतं, आवाजावरून ओळखलं. मी घरून वाक्य तयार करून गेले होते. म्हटलं, "सरूबाई, त्या वेळी शामरावला सांगायचं तू माझ्याकडे दिलं होतंस. मी सांगितलं नाही."

"मले मालूम नव्हतं काय?" ती म्हणाली.

"मग तू स्वतःवर का घेतलंस?"

"अवो, तुले तिथंच बोलली असती तं तू रडत बसली असती. दिवसभर रडली असती. रडत्या पोरीचे हात कापतात. मंग डोंग्यात टोपलं कोनाच्या मांडीवर देऊ? शामरावच्या?" ती हसली. "तो तं अंड्यावरच बसला असता."

"आणि नंतर? आई दर वेळी विचारायची तेव्हा?"

"नंतर मी तुही वाट पाह्यली," ती म्हणाली. "मंग राहून गेलं. आली ना आज? बस, चहा घे."

टोपली मी परवा घेऊन आले. तीच नाही, तशी कितीतरी झाली असतील मधल्या वर्षांत. पण वीण तिच्याच हाताची आहे. तळाला कापूस घालून ठेवलेला होता. मी बाजारातून आठ अंडी आणली, निमुळतं टोक खाली करून बसवली, वर कापूस दिला. माझे हात आता कापतात, तुम्ही फोटोत पाहिले असतील. पेला धरला तरी पाणी हिंदकळतं. मी टोपली कानाशी धरली, डोळे मिटले. हात कापतच होते. आत काही वाजलं नाही.